यादी साच्यांच्या क्रमाने

नवरात्र सरत आले की माझ्या टेबलावरचा संगणक दरवर्षी एकच प्रश्न विचारतो. नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता बसवायची की नंतर? तो याच दिवसांत का येतो, याला काही कारण नसावे. प्रणाली तयार करणाऱ्यांच्या वेळापत्रकाचा आणि आमच्या पंचांगाचा संबंध जोडणे माझ्या शिक्षणाला शोभणारे नाही. तरीही माटुंग्याच्या खोलीत अश्विनातले पांढरे ऊन टेबलाच्या कडेपर्यंत येते, खाली फूटपाथवर झेंडूचे ढीग पडतात, पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी चौकट उगवते आणि माऊसवरचा माझा हात जागच्या जागी थांबतो. प्रयोगशाळेत मी निर्णयाला वेळ लावत नाही, अशी माझी ख्याती आहे. इथे मात्र मी आधी ‘नंतर’ दाबते आणि करी रोडला बाबांना फोन लावते.

“बाबा, यादी कुठे कुठे आहे?”

“तीन जागी,” बाबा जोरात सांगतात. साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणाईच्या खात्यात, ज्यांची तरुणपणीची वर्षे गेली त्यांना हळू बोलताच येत नाही. “आणि चौथी माझ्या डोक्यात. कर गो, काय करूचा ता.”

मग मी श्वास सोडते. हा सुटकेचा श्वास बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एका अश्विनातला आहे; तो अजून पुरतो.

त्या अश्विनात आमच्या चाळीतल्या खोलीत दोन सूर्य येत. एक सकाळचा, नेहमीचा, मोरीच्या बाजूने. दुसरा दुपारी तीननंतर, समोरच्या टॉवरच्या काचांवरून. गिरणीच्या जागेवर तो टॉवर नुकताच उभा राहिला होता. पूर्वी त्या खिडकीतून पत्र्यांची करवतीसारखी छपरे दिसत. आता तिथून परावर्तित ऊन येई आणि थेट संगणकाच्या पडद्यावर पडे. आईने त्यावर उपाय म्हणून आपली एक जुनी गर्भरेशमी साडी खिडकीला लावली. दुपारभर आमचा पडदा, कीबोर्ड आणि आम्ही सगळे जांभळ्या उजेडात असू. त्या जांभळेपणात भाजणी भाजल्याचा वास मिसळलेला आहे, कारण दिवाळी तोंडावर होती आणि स्टोव्ह संगणकापासून चार हातांवर होता. आजही कुठे धणे-जिरे भाजल्याचा वास आला की मला प्रथम आठवते ती संगणक सुरू होतानाची घरघर.

मी तेव्हा एम.एस्सी. संपवून पुढच्या संशोधनासाठी अर्ज करत होते. आलेख काढण्यासाठी मला जी प्रणाली हवी होती, ती घरच्या जुन्या संगणकावर चालत नव्हती. माझ्या महत्त्वाकांक्षेला जागा हवी होती, असे आज मी सरळ म्हणते. तेव्हा ‘जुनं झालंय, बदलायला हवं’ असे म्हणत होते. नव्या गोष्टीची सुरुवात दसऱ्याला करावी हे आईचे मत आणि लवकरात लवकर करावी हे माझे, यांची गाठ पडली. दसऱ्याच्या सकाळी मी जुनी प्रणाली पुसून नवी बसवली. सगळ्या फाइली आधी काळजीपूर्वक दुसरीकडे उतरवून घेतल्या होत्या. परत आणल्यावर त्या मोजून पाहिल्या. संख्या बरोबर होती. संख्या बरोबर असली की काम बरोबर झाले, असे मानण्याचे ते माझे वय होते.

पूजा बाबांनी केली. गिरणीत खंडेनवमीला साच्यांची पूजा होई. साचा म्हणजे माग. मुंबईच्या गिरणगावात मागाला कुणी माग म्हटले नाही. त्या दिवशी साच्यावर हार चढे आणि तो बंद राही. गिरणी गेली तरी बाबांचा रिवाज गेला नाही. तो शिवणयंत्राकडे आणि तिथून संगणकाकडे आला. त्यासाठी झेंडूचा हार दरवर्षी सुलूमावशी आणून देत. त्या आमच्याच चाळीत, जिन्याखालच्या खोलीत राहत आणि दादरच्या फूलबाजारात हार ओवत. त्यांचे यजमान दत्ताराम गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कुणी कायम माणूस गैरहजर असला तरच त्यांना काम. संपानंतर काही वर्षांतच ते गेले.

“आमच्या धन्यान कधी साच्याक हार घातलो नाय,” मावशी त्या दिवशी म्हणाल्या होत्या. “बदलीवाल्याक स्वतःचो साचो खय? म्हणान ह्यो हार दोघांचो.”

त्या हारानेच पहिला गोंधळ केला. नवी प्रणाली दर वीस मिनिटांनी स्वतःहून बंद पडू लागली. मी एकामागून एक शक्यता काढल्या आणि प्रत्येकीची नोंद केली. दोन तास मी आज्ञावलीतले दोष शोधत होते. बाबा मागे उभे होते. शेवटी त्यांनी कॅबिनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, “पंखो अडाकता.”

“बाबा, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.”

“असात. पण पंखो अडाकता.”

मागचे झाकण काढले तेव्हा हाराचा दोरा पंख्याच्या पात्यांना गुंडाळलेला सापडला आणि आत झेंडूच्या पाकळ्यांचा केशरी भुगा. आई इतकी हसली की तिने भाजणी खाली लागू दिली.

त्यानंतरचे तीन-चार दिवस मला सुखाचे वाटतात, जरी ते तक्रारींचेच होते. नवी प्रणाली घरात आली की ती नव्या सुनेसारखी सगळ्यांची परीक्षा घेते की सगळे तिची, हे कळत नाही. आवाज गेला होता, तो आणला. आईची सकाळची भजने पुन्हा लागली. घड्याळ साडेपाच तास मागे होते. ते पुढे आणले. अक्षरे इतकी बारीक झाली होती की बाबा पडद्याजवळ नाक नेत. ती मोठी केली. कचऱ्याची बादली पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्याने बाबा अस्वस्थ होते, कारण हात सवयीने जुन्या जागी जाई. ती बादली मी ओढून मूळ जागी आणून ठेवली. प्रत्येक दोषाला कारण असते, प्रत्येक कारणाला उपाय असतो, आणि या दोन्हींच्या मध्ये फक्त मी असते, अशी एक धुंदी मला त्या दिवसांत होती.

पाचव्या दिवशी बाबांनी यादी उघडली.

त्या यादीविषयी इथे सांगायला हवे. संपाने गिरण्या थांबल्या त्या आमच्यापुरत्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. बाबांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, ‘संपाआधी’ आणि ‘संपानंतर’. माझा जन्म दुसऱ्या भागातला. बाबा एका कचेरीत शिपाई झाले, आईने जेवणाचे डबे केले. खूप वर्षांनी गिरणी कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरे मिळण्यासाठी अर्ज मागवले गेले आणि त्या अर्जात खाते आणि तिकीट नंबर लिहायचा होता. तिकीट म्हणजे हजेरीचा बिल्ला. कायम कामगारांकडे काही ना काही कागद असत. बदलीवाल्यांकडे बहुधा काहीच नसे. बाबांच्या खात्यातल्या एका कारकुनाने हजेरीची एक जुनी वही जपून ठेवली होती. त्यांच्या घरी महिनाभर जाऊन बाबांनी ती उतरवून आणली आणि मी शिकवल्याप्रमाणे, एका बोटाने, संगणकावर चढवली. पहिल्या पाळीचे शहाण्णव साचेवाले आणि शेवटी नऊ बदलीवाले. नाव, गाव, तिकीट नंबर. पुढे ते कारकून गेले आणि त्यांची वही घरच्यांनी रद्दीत दिली. यादी आता फक्त आमच्या संगणकात होती. मावशींचा अर्ज भरून तयार होता; दत्तारामांच्या तिकीट नंबराची तेवढी जागा कोरी होती. मुदत संपायला चार दिवस होते.

“गो,” बाबा म्हणाले, “ह्या काय झाला?”

पडद्यावर एकशे पाच ओळी होत्या. उजवीकडे आकडे स्वच्छ, शाबूत. डावीकडे जिथे नावे असायची तिथे इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे, आडव्या रेघा, तारे. आकडे राहिले होते. माणसे गेली होती.

मला कारण एका क्षणात कळले. त्या काळी मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, हा नुसता मुखवटा असे. आत साठवलेली असत इंग्रजी चिन्हे. टंक त्यांच्यावर मराठी अक्षरांचे आकार चढवी. मी फाइली उतरवून घेतल्या होत्या, टंक घेतला नव्हता. आणि तो टंक कुठेही मिळण्यासारखा नव्हता. लालबागच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या गृहस्थांनी तो बाबांना दिला होता, आणि देताना अभिमानाने सांगितले होते की त्यात त्यांनी आपल्या सोयीने बरीच अक्षरे इकडची तिकडे केली आहेत. त्यांचे दुकान ज्या इमारतीत होते, ती आता पाडलेली होती.

त्या दुपारी मी सात टंक शोधून लावून पाहिले. प्रत्येक वेळी पडद्यावर मराठी आले आणि प्रत्येक वेळी ते वेगळे, निरर्थक मराठी होते. एका टंकात एका माणसाचे नाव ‘घळझू’ असे दिसले. बाबा ते वाचून हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, जणू दोष काचेत असावा.

मावशी संध्याकाळी बाजारातून आल्या. पाटीतली उरलेली शेवंती त्यांनी आईच्या हाती दिली आणि दारातच बसल्या. मी त्यांना जे झाले ते स्पष्ट सांगितले. चूक माझी आहे हेही सांगितले. त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“ह्यातला आमचा खयचा?”

“तेच कळत नाहीये, मावशी.”

“बरा,” त्या म्हणाल्या. “घाई नाय गो. इतकी वर्षा कोणी विचारला नव्हता, आणखी चार दिवस.” उठताना त्या खिडकीच्या साडीकडे बघून आईला म्हणाल्या, “जांभळो रंग बरो दिसता तुझ्या घराक.” त्यांनी काही बोलून मला टोचले असते तर बरे झाले असते.

पुढचे दोन दिवस मी माझ्या शास्त्राने लढले. हे एक कूट आहे आणि कूट सोडवण्याची रीत असते: चिन्हे मोजायची, सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह म्हणजे काना धरायचा, आणि पुढे सरकायचे. काना सापडला. त्यापुढे वाट बंद झाली. लांबलचक मजकूर असता तर शब्दांनी शब्दांना धरून आणले असते. नावे एकमेकांना धरत नाहीत. मी कागदावर तक्ते केले, खोडले, पुन्हा केले. माझे स्वतःचे अर्ज बाजूला पडले होते आणि त्यांची मला आठवणही होत नव्हती. अनुमान करता आले असते. नऊ बदलीवाले शेवटी आहेत, हे बाबांना माहीत होते; त्या नवांतला एक आकडा मावशींचा होता. पण नवांतला एक हा अंदाज घेऊन सरकारी अर्ज भरता येत नाही, आणि चुकीचा नंबर लिहिला तर तो दुसऱ्या एखाद्या बाईच्या नवऱ्याचा असणार होता.

तिसऱ्या दुपारी मी पेन्सिल टाकली. म्हणाले, “बाबा, निदान यादी अकारविल्हे लावलेली असती तर! म्हणजे वरची नावं ‘अ’ची, खालची ‘व’ची, एवढा तरी आधार मिळाला असता. मे महिन्यात मी म्हटलं होतं, लावून देते म्हणून.”

म्हटले होते खरेच. एका बटणाचे काम होते. तेव्हा बाबांनी माझा हात धरून थांबवला होता आणि म्हणाले होते, “अक्षरा काय साचे चालवतत? माणसा जिथे उभी होती, तिथेच रवांदेत.”

हे वाक्य मला आठवले ते अर्धे बोलून झाल्यावर. मी बाबांकडे वळले.

“बाबा, यादी कुठल्या क्रमानं लिहिली आहे?”

“कुठल्या म्हणजे? साच्यांच्या. वहीत तिकिटांप्रमाण होती, ती मी साच्यांप्रमाण केलंय. आठ ओळी, ओळीत बारा माणसा. दरवाज्याकडसून धरलंय.”

आईने कढईतला झारा थांबवला.

मी पडदा बाबांपासून फिरवून घेतला. हे माझ्या शिक्षणामुळे. साक्षीदाराला उत्तर दिसता कामा नये. “बाबा,” म्हटले, “दारातून आत या. पहिल्या ओळीत पहिला कोण?”

बाबा खुर्चीत सरळ बसले. त्यांनी डोळे मिटले आणि नाव सांगण्याआधी हात वर करून दोन बोटे मिशीवरून फिरवली.

“हे काय?”

“त्येची खूण. आत काय ऐकू येय काय? नाव घेऊन हाक मारलीस तर तुझ्याच कानात पडाची नाय. खुणेन बोलवायचा.” मग मोठ्याने, “पांडुरंग. गाव कुडाळ.”

मी लिहिले. पुढच्यासाठी त्यांनी कानाची पाळी ओढली. “ह्यो विठू, भिकबाळीवालो. मालवण.” मग मनगटावर दोन टिचक्या. “घड्याळवालो वसंत. तेच्याकडे घड्याळ कधीच नव्हता, पण सारखो येळ विचारी.” आईने गॅसची शेगडी असावी तसा स्टोव्ह बारीक करून टाकला, जो खरे तर बारीक होत नसे, म्हणून तो विझलाच. कुणी पेटवायला उठले नाही. बाबा ओळीतून चालत होते. कुठे ते थबकत, अंग चोरून घेत, जणू दोन साच्यांमधल्या अरुंद वाटेतून कुणाला जाऊ देत आहेत. एका जागी त्यांनी नाक दाबले आणि आई फिसकन हसली, कारण ती खूण ज्यांची होती ते गृहस्थ आमच्याकडे गणपतीला येत आणि त्यांच्या तपकिरीचा वास दोन दिवस जात नसे. पाचव्या ओळीत ते एका नावाशी अडले. “थांब, थांब,” म्हणाले आणि मागे जाऊन पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून आले. वेगात आले आणि त्या वेगानेच ते नाव सुटले.

मी तोवर एक गोष्ट तपासत होते. पांडुरंग तिसऱ्या ओळीतही निघाला, सहावीतही. तिन्ही ठिकाणी पडद्यावर तीच चिन्हे, त्याच क्रमाने. कुडाळ चौदा वेळा आले. चौदाही वेळा तोच कचरा. शहाण्णव नावांत बाबांची फक्त एक चूक निघाली, तीही दोन शेजाऱ्यांची अदलाबदल, आणि ती मी दाखवताच ते म्हणाले, “बरोबर. त्यांनी साचे बदलून घेतले होते. वसंताच्या साच्यावर गळाचा पाणी.” मी आयुष्यात पुढे बरीच मोजमापे केली. इतके स्वच्छ मोजमाप माझ्या वाट्याला पुन्हा आलेले नाही.

आठवी ओळ संपली. टॉवरवरचे ऊन साडीवर आले होते. बाबांनी डोळे उघडले.

“आणि बदलीवाले?” मी विचारले.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “ते खय उभे करू, बाय? सकाळी गेटावर घोळक्यान उभे. ज्येचा नाव पुकारतील तो आत. आज ह्या साच्यावर, उद्या त्या. त्यांका जागाच नाय. म्हणान शेवटी घातलय, जसे हाती लागले तसे. क्रम माका ठाऊक नाय.”

तिथे बाबांची वाट संपत होती. आणि तिथूनच माझी सुरू होत होती, हे मला त्या क्षणी लख्ख दिसले. शहाण्णव माणसांनी आपापल्या जागी उभे राहून मला जवळजवळ सगळी अक्षरे दिली होती. पांडुरंगाकडून प, ड, र, ग, विठूकडून ठ, घड्याळवाल्या वसंताकडून स आणि त. मी तक्ता मांडला. उरलेल्या नऊ ओळींत बावीस वेगळी चिन्हे होती. एकवीस तक्त्यात सापडली.

मी खालून वर चढू लागले. नववा निघाला, आठवा निघाला. सातव्या ओळीतले पहिले अक्षर ‘द’ आले तेव्हा मी आईला म्हटले, “मावशींना बोलाव.” आणि लगेच, “थांब, नको. आधी पूर्ण होऊ दे.” द, त्त, काना, र, काना, म. ज्या एका चिन्हाची ओळख पटली नव्हती ते ‘त्त’ होते, आणि उरलेल्या आठांत दुसरा ‘द—ाराम’ नव्हता. गाव देवगड. उजवीकडे, गेले तीन दिवस माझ्यासमोरच असलेले, चार आकडे.

पण ती ओळ तिथे संपत नव्हती. इतर आठ ओळींपेक्षा ती लांब होती. मला वाटले होते की काही बिघाड असावा. मी पुढची चिन्हे उलगडली. बाबांनी तिथे लिहून ठेवले होते: ‘माझे साचे. कावीळ. तीन महिने.’

“बाबा, हे काय आहे?”

बाबांनी वाचले. “माका कावीळ झालेली, संपाआधी. तीन म्हैने गावाक होतंय. माझे दोन्ही साचे दत्तारामान चालवले. परत इलंय तेव्हा तेल घातलेले, पुसलेले, एक तार तुटलेली नाय. हातात दिल्यान आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटावर जाऊन उभो ऱ्हवलो.”

“कधी सांगितलं नाहीत.”

“विचारलंस कधी?”

मी हाक मारली तशा मावशी आल्या त्या ओल्या हातांनी. मी पडद्यावरचे नाव त्यांना दाखवले, मग नंबर वाचला, मग कागदावर मोठा लिहून दिला. त्यांनी कागद घेतला. पण त्यांचे लक्ष त्या तीन महिन्यांवर होते, जे बाबांनी त्यांना वाचून दाखवले.

“माका ठाऊक आसा ते तीन म्हैने,” त्या म्हणाल्या. “एरवी रोज सकाळी डबो भरून देय, आणि दिवसाआड डबो तसोच परत येय. नाव पुकारूक नाय म्हणान. आम्ही दोघा मग तोच डबो घरी बसून खाव. त्या तीन म्हैन्यात एकदाय परत इलो नाय.” मग त्या बाबांना म्हणाल्या, “तुमका कावीळ झाली ता बरा झाला म्हणूक होया काय मी?”

“म्हणा, म्हणा,” बाबा ओरडले, म्हणजे नेहमीच्या आवाजात बोलले. आणि आई, जी मघापासून विझलेल्या स्टोव्हजवळ बसून होती, तिने पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते जांभळ्या उजेडात मला कळले नाही.

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. पोचपावती आली. ती मावशींनी देवाच्या तसबिरीमागे ठेवली. त्यांचे नाव घरांच्या सोडतीत अजून निघालेले नाही. पण ते आता त्या सोडतीत आहे, चिठ्ठ्यांमधली एक चिठ्ठी म्हणून. आशेचे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत. शून्य संभाव्यता आणि लहान संभाव्यता यांत फरक असतो, इतके मी खात्रीने सांगू शकते, आणि तो फरक आमच्या खोलीत त्या दुपारी उतरला तेव्हा मी तो पाहिला आहे.

मीही शिकायचे ते शिकले. त्या संध्याकाळी सगळी यादी नव्या, सगळीकडे चालणाऱ्या लिपीत पुन्हा टंकली, तिच्या प्रती केल्या आणि प्रत्येक प्रत उघडून, वाचून पाहिली. नुसती मोजली नाही. संशोधनाचे अर्ज उशिरा गेले. त्यांतला एक स्वीकारलाही गेला. पहिल्याच मुलाखतीत मला विचारले की, चांगली नोंद कशाला म्हणावी. मी म्हटले, जी करणाऱ्याला माहीत असते की वस्तू मुळात कुठे उभी होती.

टंकून झाल्यावर मी नऊ बदलीवाले शेवटी घालत होते, तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी बोट पडद्यावर, चौथ्या ओळीतल्या सातव्या माणसावर ठेवले. ते त्यांचे स्वतःचे नाव होते.

“दत्तारामाक आत घे.”

“कुठे? बाबा, एका जागी एकच नाव येतं.”

“हयसर. माझ्या साच्यावर.”

मी घेतले. तेव्हापासून त्या यादीत एका जागी दोन नावे आहेत. प्रत्येक नवी आवृत्ती, बसल्याबरोबर, ती ओळ शोधून काढते, तिला लाल कड लावते आणि मला विचारते: इथे नोंद दुबार झालेली दिसते, दुरुस्त करू? मावशींच्या हाराचे झेंडू तोवर टेबलावर सुकत आलेले असतात; बाबा अजूनही ते माटुंग्याला पोचवतात, दोरा आखूड कापून. मी ‘दुर्लक्ष करा’ दाबते. लाल कड जाते. दोघे साच्याशी उभे राहतात.